सोनेरी माकड आणि काळा सिंगळीक

(ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात, गोव्याच्या सीमेकडील मुलुखात, बाजारकुणंग नावाचे एक गाव आहे. नावात बाजार असला तरी भोवती आहे ते रान. काळी नदी याच तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि कारवारजवळ समुद्राला मिळते. या रानात दोन जातींची माकडे कोणालाही सहज दिसतात. एक काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे वानर आणि दुसरे लाल तोंडाचे माकड, ज्याला कोकण-गोव्याकडे केल्डे म्हणतात. रात्री बॅटरीच्या उजेडात कधीतरी मोठ्या डोळ्यांची लाजवंतीही दिसून जाते. ती या कुळाची दूरची नातलग. परंतु आणखी एक माकड येथे असावयास हवे होते, असे जुने प्राणिशास्त्रीय ग्रंथ सांगतात. काळेभोर अंग, चेहऱ्याभोवती रुपेरी आयाळ आणि शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा असलेले हे माकड म्हणजे सिंहपुच्छ वानर, कन्नड भाषेतील सिंगळीक. पूर्वीच्या अभ्यासकांनी त्याच्या वस्तीची उत्तर सीमा जोयड्याच्या अणशी घाटापर्यंत नेली होती. पुढील सर्वेक्षणांत मात्र त्याचे खात्रीचे मोठे समूह सापडले ते दक्षिणेस, अघनाशिनी आणि शरावती या नद्यांच्या खोऱ्यांत.

जे माकड ग्रंथात आहे आणि रानात नाही, ते परत आणता येईल काय? आणि आणावयाचे झाल्यास त्या कामी प्राणिसंग्रहालये, राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांचा उपयोग कितपत? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी थोडे दूर, दक्षिण अमेरिकेत जावे लागते. तेथे हा प्रयोग एका चिमुकल्या माकडाच्या बाबतीत झालेला आहे आणि त्याचा जमाखर्च आज उपलब्ध आहे.

ब्राझीलचा पूर्व किनारा आपणांस वाटतो तितका परका नाही. आपल्या डोंगरउतारांवरचा काजू त्याच देशाच्या किनाऱ्यावरून पोर्तुगीजांनी गोव्यात आणला. त्या किनाऱ्याला समांतर असे एक घनदाट अरण्य होते, त्यास अटलांटिक वन म्हणतात. समुद्रावरून येणारा पाऊस, डोंगरांची रांग आणि सदाहरित झाडी यांमुळे ते आपल्या सह्याद्रीची आठवण करून देते. या वनाच्या रिओ दि जानेरो प्रांतातील सखल भागात सोनेरी सिंह-टॅमरिन राहतो. पोर्तुगीज भाषेत त्याचे नाव मिको-लेआओ-दौरादो, म्हणजे सोनेरी सिंहमाकड. वजन जेमतेम सहाशे ग्रॅम. आपल्या खारीपेक्षा मोठा आणि मांजरापेक्षा लहान. अंगावर तांबूस सोनेरी, रेशमासारखी लव आणि तोंडाभोवती आयाळ. मॅगेलनच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या सफरीत सामील असलेल्या पिगाफेट्टा या वृत्तांतकाराने सोळाव्या शतकाच्या आरंभीच सिंहासारख्या दिसणाऱ्या या सुंदर पिवळ्या माकडांचा उल्लेख करून ठेवला आहे.

हे सौंदर्यच त्याच्या मुळावर आले. युरोपातील श्रीमंतांनी ते हौसेने पाळले आणि पुढे प्राणिसंग्रहालयांनीही रानातून पकडून आणले. परंतु मोठा घाव घातला तो जंगलतोडीने. आधी ऊस, मग कॉफी, मग गुरांची कुरणे आणि अखेर वाढती शहरे यांसाठी अटलांटिक वन कापले गेले. जे उरले ते बेटांसारखे तुकड्यातुकड्यांनी उरले. ब्राझीलचे जीवशास्त्रज्ञ अदेल्मार कोइम्ब्रा-फिल्यो यांनी १९६०च्या दशकात या माकडाच्या नाशाचा इशारा दिला. १९७०च्या दशकाच्या आरंभी रानात सुमारे दोनशेच सोनेरी टॅमरिन उरले असावेत, असा अंदाज होता.

तेव्हा प्राणिसंग्रहालयांतील स्थितीही समाधानकारक नव्हती. पिंजऱ्यातील माकडे लवकर मरत, पिल्ले कमी होत आणि झालेली जगत नसत. १९७२ साली वॉशिंग्टन येथे या माकडाच्या रक्षणासाठी तज्ज्ञांची परिषद भरली आणि तेथून कामाला वळण लागले. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातील संशोधिका डेव्ह्रा क्लायमन यांनी पिंजऱ्यापुढे बसून या माकडांचे घरगुती जीवन अभ्यासले. त्यांच्या ध्यानी आले की टॅमरिन जोडप्याने राहतात. एका कुटुंबात वीण करणारी मादी बहुधा एकच असते. अनेक माद्या एकत्र कोंडल्या की कलह माजतो. पिल्ले बहुधा जुळी होतात आणि त्यांना पाठीवर वाहून नेण्याचे काम आईइतकेच बाप आणि मोठी भावंडे करतात. ज्या पिल्लाला धाकट्या भावंडांना सांभाळण्याची संधी मिळाली नाही, ते मोठेपणी आईबाप म्हणून कमी पडते. म्हणजे पिल्लू थोडे मोठे होताच वेगळे काढण्याची पद्धत पुढील पिढीच्या मुळावर येत होती. आहारातही निव्वळ फळे पुरेशी नव्हती. कीटकांसारखे प्राणिज अन्न हवे होते. हे कळल्यावर व्यवस्था बदलली आणि काही वर्षांतच पिंजऱ्यातील संख्या वाढू लागली. प्रत्येक माकडाची वंशावळ एका नोंदवहीत लिहिली जाऊ लागली, म्हणजे जवळच्या रक्तात जोड्या लागू नयेत. पुढे निरनिराळ्या देशांतील सुमारे दीडशे प्राणिसंग्रहालये या एका नोंदवहीने बांधली गेली.

ब्राझीलमध्ये १९७४ साली पोसो दास आंतास हे राखीव वन घोषित झाले. १९८४ साली तेथे पिंजऱ्यात जन्मलेली पहिली माकडे सोडण्यात आली. त्या प्रयोगाचे नेतृत्व बेंजामिन बेक यांच्याकडे होते. आरंभीचे अनुभव निराशाजनक होते. पिंजऱ्यातील फांद्या जाड आणि स्थिर असतात. रानातील फांदी वाकते, झुलते, प्रसंगी तुटते. पिंजऱ्यात फळ थाळीत मिळते. रानात ते पानाआड, ढोलीत, सालीखाली शोधावे लागते. ही माकडे झाडांवरून पडत, वाट चुकत, नको ते खात, शत्रू ओळखत नसत. पहिल्या सोडलेल्यांपैकी बहुतेक दोन वर्षांच्या आत दगावली. मग उपाय म्हणून त्यांना संग्रहालयाच्या आवारातील झाडांवर मोकळे ठेवण्यात आले, अन्न लपवून देण्यात आले आणि रानात सोडल्यानंतरही काही काळ खाद्य व देखरेख यांचा आधार देण्यात आला. त्याहून मोठी शिकवण मात्र निसर्गाने दिली. पहिली पिढी अडखळली तरी तिची रानात जन्मलेली पिल्ले तरली, कारण ती वाकत्या फांदीवरच चालायला शिकली होती.

१९८४ ते २००० या काळात पिंजऱ्यात जन्मलेली १४६ माकडे रानात सोडण्यात आली. आज रानात असलेल्या सोनेरी टॅमरिनांपैकी सुमारे एकतृतीयांश त्यांच्या वंशातील आहेत, असे मानले जाते. परदेशी संग्रहालयांनी आपल्याजवळील माकडांची मालकी ब्राझील सरकारकडे सोपविली. म्हणजे माकड कोणत्याही देशात असो, धनी ब्राझीलच. २००३ साली जागतिक यादीत या प्राण्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' या वर्गातून 'संकटग्रस्त' या तुलनेने बऱ्या वर्गात आली. ब्राझीलच्या वीस रिआलच्या नोटेवर आज याच माकडाचे चित्र आहे.

येथवरची कथा ऐकून कोणासही वाटेल की प्राणिसंग्रहालयांनी माकड वाचविले. हे अर्धे सत्य होय. उरलेले अर्धे असे की सोडलेली अनेक माकडे सरकारी राखीव वनात मावत नव्हती. ती खाजगी कुरणवाल्यांच्या मालकीच्या रानतुकड्यांत सोडावी लागली. त्या जमीनमालकांनी राजीखुशीने आपली झाडी राखली. आजूबाजूच्या गावांतील तरुण माकडांचे निरीक्षक झाले, काहींनी देशी झाडांच्या रोपवाटिका काढल्या आणि त्या रोपांनी तुटलेले रानतुकडे जोडणारे हिरवे पट्टे तयार होऊ लागले. १९९२ साली स्थापन झालेली सोनेरी सिंहमाकड संघटना ही स्थानिक ब्राझिली संस्था आज हे काम पुढे नेते. रान दुभंगणाऱ्या महामार्गावर २०२० साली झाडे लावलेला एक रुंद पूल पुरा झाला, तो वाहनांसाठी नव्हे, वन्यप्राण्यांसाठी.

आणि तरीही संकट टळले नाही. २०१४च्या सुमारास ही संख्या सुमारे ३,७०० होती. त्यानंतर ब्राझीलमध्ये पीतज्वराची साथ आली आणि डासांनी पसरविलेल्या या रोगाने सुमारे तीस टक्के सोनेरी माकडे नेली. २०२१ पासून रानातील माकडांना पकडून, लस टोचून, पुन्हा सोडण्याचा उपक्रम सुरू झाला. रानटी माकडांना लस देण्याचा असा प्रयत्न पूर्वी क्वचितच झाला असेल. २०२३च्या गणनेत ही संख्या सुमारे ४,८०० भरली. पन्नास वर्षांचे श्रम आणि एवढी माणसे खपल्यानंतरचा हा आकडा आहे. एखाद्या मोठ्या गावाच्या लोकसंख्येहून तो अधिक नाही.

आता पुन्हा सह्याद्रीकडे वळावे. पीतज्वर आपल्याकडे नाही. परंतु माकडताप आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर रानात माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने फणफणली, तेव्हा हा विषाणू ओळखला गेला. गोचिडांच्या वाटे पसरणारा हा रोग पुढे उत्तर कन्नड, गोव्याचा सत्तरी तालुका आणि २०१६ पासून सिंधुदुर्गचा दोडामार्ग परिसर येथवर पोहोचला. वानर आणि केल्डी त्यात मरतात. रानात माकड मरून पडलेले दिसले की त्याला हात न लावता आरोग्य खात्यास वा वनखात्यास कळवावे, ही साधी गोष्ट त्या भागातील प्रत्येक घरात ठाऊक असावयास हवी. माकडाचे आरोग्य आणि माणसाचे आरोग्य एकाच रानात गुंतलेले असते, हे ब्राझीलने जसे शिकविले तसे क्यासनूरनेही.

सिंगळीक हा केवळ सह्याद्रीचा प्राणी होय. कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडू सोडून तो जगात अन्यत्र रानात कोठेही आढळत नाही. त्याची रानातील संख्या सुमारे चार हजार वा त्याहून कमी मानली जाते. तो सदाहरित रानाच्या शेंड्यांवर राहतो आणि जमिनीवर फारसा उतरत नाही. त्यामुळे रानातून एखादा रुंद रस्ता वा वीजवाहिनीचा पट्टा गेला की त्याच्या दृष्टीने जग तेथेच संपते. कळपात माद्या जन्मभर राहतात आणि नर एका कळपातून दुसऱ्यात जातात. वाट तुटली की नवे रक्त थांबते. मादीला पहिले पिल्लू सहाव्या-सातव्या वर्षी होते आणि पुढचे होण्यास दोनतीन वर्षे लागतात. टॅमरिनला जुळी होतात आणि तीही वारंवार. सिंगळीकाला एक, तेही सावकाश. म्हणून एका माकडाचा नुस्खा दुसऱ्यास तसाच लागू पडत नाही.

या माकडाने आपल्या देशाच्या इतिहासात एक मोठे काम केले आहे. केरळातील सायलेंट व्हॅली धरणाखाली जाऊ नये यासाठी १९७०च्या दशकात जे आंदोलन उभे राहिले त्याचे प्रतीक सिंगळीक ठरला. १९८३ साली तो प्रकल्प रद्द झाला आणि १९८४ साली ते खोरे राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. कर्नाटकात सिरसी-होन्नावर भागातील रानांत संशोधकांना सिंगळीकांचा मोठा समूह आढळला, तेव्हा तेथे २०११ साली अघनाशिनी सिंहपुच्छ वानर संवर्धन राखीव क्षेत्र घोषित झाले. 'संवर्धन राखीव' हा वर्ग वन्यजीव कायद्यात २००२च्या दुरुस्तीने आला. त्यात रानाला संरक्षण मिळते, पण तेथे राहणाऱ्यांचे हक्क संपुष्टात येत नाहीत. तेथील लोक उप्पागेसारखी रानफळे गोळा करून विकतात आणि तीच फळे सिंगळीकही खातो. फळ किती काढावे, केव्हा काढावे आणि माकडाला किती ठेवावे हा तेथील खरा प्रश्न आहे, आणि तो पिंजऱ्यात सुटणारा नाही. २०१९ साली हे क्षेत्र शरावती खोऱ्याच्या अभयारण्यात समाविष्ट होऊन नऊशे चौरस किलोमीटरांहून मोठे सिंहपुच्छ वानर अभयारण्य झाले. त्याच खोऱ्यात दोन हजार मेगावॅटच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पाचा प्रस्ताव आला आणि २०२५ सालीही त्यावरील वाद मिटलेला नव्हता. नकाशावर अभयारण्य काढले म्हणजे रान वाचले, असे समजणाऱ्यांसाठी हे उदाहरण पुरेसे आहे.

मग प्राणिसंग्रहालयांचे काम काय? आपल्या लोकांच्या मनात प्राणिसंग्रहालय म्हणजे मुंबईची राणीची बाग, पुण्याची जुनी पेशवे पार्क, म्हैसूरचे १८९२ सालचे संग्रहालय. पिढ्यान्पिढ्या मुलांनी तेथे हत्ती-वाघ पाहिले आणि पिंजऱ्यात शेंगदाणे टाकले. त्या पिंजऱ्यांत प्राण्यांचे हालही झाले, हे मान्य केले पाहिजे. १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि मान्यता, जागा, उपचार व पैदास यांस नियम लागले. १९९९ साली पेशवे पार्कातील प्राण्यांसाठी कात्रजचे प्रशस्त आवार खुले झाले, तो याच बदलाचा भाग होय. सिंगळीकाच्या नियोजित पैदाशीत चेन्नईजवळील वंडलूर आणि म्हैसूर येथील संग्रहालयांचा सहभाग आहे.

या सभागृहात बसलेल्यांना हे काम समजावून सांगण्यास ग्रंथालयाचाच दाखला पुरेल. दुर्मीळ ग्रंथाची एक प्रत कपाटात जपली म्हणजे तो ग्रंथ नष्ट होत नाही. प्रसंगी तिच्यावरून पुनर्मुद्रण करता येते. परंतु जो ग्रंथ कोणी वाचीत नाही, ज्याची भाषाच कोणास येत नाही, तो कपाटात असूनही गेल्यासारखाच. प्राणिसंग्रहालय ही जपलेली प्रत आहे. रान ही त्या ग्रंथाची भाषा आहे. सोनेरी माकडाचे पुनर्मुद्रण झाले, कारण भाषा थोडीफार शिल्लक होती आणि ती पुन्हा वाढविण्यास तेथील लोक सिद्ध झाले.

म्हणून अणशी घाटात सिंगळीक सोडावा काय, या प्रश्नाआधी दुसरे प्रश्न येतात. तो तेथून का गेला? शिकारीमुळे, रान तुटल्यामुळे, की दोहोंमुळे? त्याला बारमाही फळे देणारी झाडे आज तेथे सलग आहेत काय? दक्षिणेतील समूहांपर्यंत शेंड्याशेंड्यांनी जाणारी वाट उरली आहे काय? तमिळनाडूतील वालपराईच्या चहामळ्यांत अडकलेल्या कळपांसाठी रस्त्यांवर झुलते पूल बांधावे लागले. आपल्याकडे ती वेळ येण्याआधीच वाट राखता येईल काय? ज्या रानात आधीच माकडतापाची भीती आहे तेथे बाहेरून माकडे आणणे सुरक्षित आहे काय? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत माकड सोडणे म्हणजे केवळ छायाचित्राचा समारंभ ठरेल.

आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न माणसांचा. जोयडा तालुक्याने गेल्या अर्धशतकात पुष्कळ दिले आहे. काळी नदीवरील सुपा धरणाखाली जुने सुपे गाव बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास गेले. १९५६ साली दांडेली अभयारण्य, १९८७ साली अणशी राष्ट्रीय उद्यान, २००७ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प आणि २०१५ साली त्याचे काळी व्याघ्र प्रकल्प असे नामकरण. प्रत्येक पावलाबरोबर रानाचे रक्षण वाढले आणि रानातल्या माणसाच्या मनात उद्याची धास्तीही वाढली. व्याघ्र प्रकल्पांतून स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्या कुटुंबास मिळणारी रक्कम २०२१ साली दहा लाखांवरून पंधरा लाख झाली. काहींनी ती घेतली, काहींना पिढीजात भूमी सोडवत नाही. दोन्ही निर्णय समजून घेण्यासारखे आहेत. मात्र जो कुणबी शेतकरी परसात मुडली आणि नाना जातींचे कंद पिकवितो, ज्याला कोणत्या झाडाला केव्हा फळ धरते हे तोंडपाठ आहे, जो गवळी आणि जो सिद्दी रानाच्या वाटा जाणतो, त्याला वगळून केलेले संवर्धन टिकत नाही. ब्राझीलमध्ये माकड तगले ते तेथील कुरणवाला आणि त्याचा मजूर त्या कामात भागीदार झाले म्हणून. जोयड्यात कंदमुळांचा मेळा भरतो आणि शहरातील माणसे तेथे जातात. बाजारकुणंगसारख्या गावांतील हे ज्ञान लिहून ठेवणे, हे कोणत्याही पिंजऱ्याइतकेच मोलाचे काम आहे, आणि ते ग्रंथालयांच्या आवाक्यातील आहे.

ग्रंथालयाच्या सभासदांना करता येण्याजोग्या गोष्टी लहान आहेत, पण निरर्थक नाहीत. अनमोड वा अणशीच्या घाटातून जाताना गाडी थांबवून केल्ड्यांना केळी-बिस्किटे टाकू नयेत; त्याने ती रस्त्यावर येतात, चाकाखाली जातात आणि घरांत घुसू लागतात. परदेशी चिमुकली माकडे पाळण्याची हौस अलीकडे वाढली आहे आणि मुंबई-चेन्नईच्या विमानतळांवर प्रवाशांच्या सामानात कोंडलेली अशी माकडे पकडली गेली आहेत. २०२२च्या कायदा-दुरुस्तीने अशा प्राण्यांची नोंद बंधनकारक केली. परंतु कायद्यापेक्षा घरच्या मोठ्यांचा एक नकार अधिक काम करील. सोनेरी माकडाचा नाश हौसेच्या खरेदीनेच सुरू झाला होता, हे विसरून चालणार नाही. आणि मुलांना प्राणिसंग्रहालयात नेताना प्राणी दाखविण्याबरोबर त्याचे रान कोठे आहे, आज केवढे उरले आहे, हेही सांगावे.

शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी या ग्रंथालयाची पहिली पुस्तके जमविली, त्यांनी ती स्वतःपुरती जमविली नव्हती. ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशा वाचकांसाठी ती होती. रानाचेही तसेच आहे. अणशीच्या शेंड्यांवर सिंगळीकाची हाक पुन्हा ऐकू येईल की नाही, हे आज सांगता येत नाही. परंतु ती हाक ऐकू यावी अशी झाडे सलग उभी राहिली आणि त्या झाडांखाली बाजारकुणंगची माणसे निर्धास्त नांदली, तर पुढच्या पिढीला निदान निवड करण्याची मोकळीक राहील. तेवढी मोकळीक मागे ठेवणे, हेच ग्रंथालयाचे आणि अभयारण्याचे समान कार्य होय.